सेमी-ग्लॉस इमल्शनसाठी डिफोमरची निवड : प्रकल्प नोंदी, ४ जून ते २२ जुलै

४ जून

आजपासून या कामाच्या नोंदी वेगळ्या ठेवत आहे. आतील भिंतींसाठीचा सेमी-ग्लॉस ॲक्रिलिक इमल्शन पेंट बाकीच्या कसोट्यांवर उतरला आहे; आच्छादनशक्ती, घासण्याला टिकणे, साठवणुकीतील स्थैर्य यांपैकी कशाबद्दलही तक्रार नाही. तक्रार आहे ती रोलरने लावल्यावर राहणाऱ्या बुडबुड्यांची. मॅट पेंटमध्ये आम्ही वर्षानुवर्षे वापरत आलो तो मिनरल ऑइलचा डिफोमर (फेस मोडणारा पदार्थ) या फॉर्म्युलेशनमध्ये तसाच उचलून घातला होता, आणि तो इथे कमी पडतो आहे असा सर्वांचा अंदाज आहे. अंदाजावर डिफोमर बदलायचा नाही, एवढेच आज ठरवले.

सकाळी स्पंजच्या रोलरने काळ्या, न शोषणाऱ्या पॅनेलवर एक हात दिला. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत ओला थर फेसाळ दिसतो, मग मोठे बुडबुडे पटापट फुटतात आणि मिनिटभरात वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. थर वाळल्यावर भिंगाखाली मात्र निराळेच चित्र होते: टाचणीच्या टोकाएवढी भोके, त्यांतल्या काहींच्या तळाशी पॅनेलचा काळा रंग, आणि अधूनमधून न फुटलेले, वर पातळ पापुद्रा धरून बसलेले फुगवटे. म्हणजे त्रास वर तरंगणाऱ्या मोठ्या फेसाचा नसून थरात अडकलेल्या बारीक हवेचा आहे. हा भेद पहिल्याच दिवशी नोंदला गेला हे बरे झाले, कारण एखादा डिफोमर पहिल्या प्रकारच्या फेसावर तुटून पडतो आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही, असे पुष्कळदा होते.

मॅट पेंटमध्ये हीच हवा का दिसत नाही, तेही लिहून ठेवतो. तिथे पिगमेंट (रंगकण) आणि फिलर (भरावाची पूड) यांचे घनफळाचे प्रमाण इतके जास्त असते की वाळलेला थर मुळातच सच्छिद्र असतो; हवेला वाट मिळते आणि उरलेली भोके खडबडीत पृष्ठभागात लपून जातात. सेमी-ग्लॉसमध्ये आमचे हे प्रमाण २२ टक्के आहे. बाइंडरचा (कण बांधून ठेवणाऱ्या पदार्थाचा) सलग पडदा तयार होतो आणि त्यातले प्रत्येक भोक प्रकाशात उठून दिसते.

५ जून

बारीक बुडबुडा वर येऊन का फुटत नाही याचा हिशेब स्टोक्सच्या नियमाने मांडून पाहिला. बुडबुड्याचा वर चढण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि द्रवाच्या श्यानतेच्या (घट्टपणाच्या) व्यस्त प्रमाणात. एक मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्यापेक्षा ५० मायक्रॉनचा बुडबुडा वीसपट लहान असतो, पण चढतो चारशेपट हळू. रोलर फिरत असताना पेंटची श्यानता साधारण १ पास्कल-सेकंद धरली, तर ५० मायक्रॉनचा बुडबुडा सेकंदाला सुमारे १.७ मायक्रॉन वर सरकतो आणि १०० मायक्रॉनचा ओला थर मिनिटभरात पार करतो. पण रोलर उचलला की पेंट पुन्हा घट्ट होतो. स्थिर अवस्थेतली श्यानता ५० पास्कल-सेकंद धरली, तर त्याच बुडबुड्याला तोच थर पार करायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल, आणि तेवढ्या वेळात वरचा पापुद्रा केव्हाच धरलेला असतो. तेव्हा डिफोमरला काम करायला मिळतात ती पहिली एक-दोन मिनिटे. त्याने त्या वेळात बारीक बुडबुड्यांना एकमेकांत मिसळून मोठे करायला हवे, नाहीतर मुळात पेंटमध्ये कमी हवा शिरू द्यायला हवी.

दुसरा हिशेब पृष्ठताणाचा, आणि माझ्या मते आमच्या अडचणीचे मूळ इथेच आहे. डिफोमरचा तेलाचा थेंब बुडबुड्याच्या पडद्यात शिरला पाहिजे, पडद्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पूल बांधला पाहिजे आणि मग तो पडदा फाडला पाहिजे. त्यासाठी तेलाचे पृष्ठताण भोवतालच्या द्रवापेक्षा पुरेसे कमी असावे लागते. शुद्ध पाण्याचे पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असते. इमल्शनमधले सर्फॅक्टंट (पृष्ठताण कमी करणारे पदार्थ) ते निम्म्यावर आणतात. जुन्या मॅट पेंटच्या पाण्याच्या भागाचे माप ३६ आले होते. सेमी-ग्लॉसमध्ये मात्र पृष्ठभाग नीट भिजावा म्हणून आम्ही एक जोरदार वेटिंग एजंट घातला आहे आणि ते माप २८ वर उतरले आहे. मिनरल ऑइलचे पृष्ठताण साधारण २९, सिलिकोन तेलाचे २१, आणि तेल व पाण्याच्या सीमेवरचे ताण दोन्हीकडे ५ धरले, तर पसरण्याचा गुणांक, म्हणजे द्रवाच्या ताणातून सीमेचे आणि तेलाचे ताण वजा करून उरणारी रक्कम (ती अधिक असेल तरच तेल पसरते), मिनरल ऑइलसाठी मॅट पेंटमध्ये अधिक २ येतो आणि सेमी-ग्लॉसमध्ये उणे ६. पूल बांधण्याचा गुणांक ताणांच्या वर्गांवरून काढतात; तोही अधिकच हवा. तोही मॅटमध्ये अधिक ४८० होता तो आता उणे ३२ झाला. सिलिकोन तेलाचे दोन्ही गुणांक २८ च्या द्रवातही अधिकच राहतात, अनुक्रमे २ आणि ३६८.

हा हिशेब शुद्ध तेलांचा आणि स्थिर ताणांचा आहे. ढवळताना पृष्ठभाग क्षणाक्षणाला नवा होतो तेव्हा ताण बदलते असते, आणि खऱ्या डिफोमरमध्ये तेलाबरोबर जलविरोधी कणही असतात, ज्यांच्याशिवाय तेल बहुधा पडद्यात शिरतच नाही. तरीही जुना डिफोमर बिघडलेला नाही, त्याच्या भोवतालचा पेंट बदलला आहे, ही गोष्ट या आकड्यांवरून मला पटली. वेटिंग एजंट काढून टाकावा ही सूचना आली होती. तेलकट जुन्या भिंतीवर पेंट आक्रसतो म्हणूनच तो घातला आहे, तेव्हा तो राहील.

८ जून

सहा नमुने घेतले असून नोंदींमध्ये त्यांना अक्षरांनीच ओळखायचे आहे, म्हणजे नावाचा प्रभाव पडणार नाही. क हा सध्याचा, मिनरल ऑइल आणि जलविरोधी कणांचा. ख हा सिलिकोन तेल आणि जलविरोधी सिलिका यांचा सांद्र प्रकार, त्यात पाणी नाही. ग हे सिलिकोनचे तयार इमल्शन, सक्रिय भाग सुमारे २० टक्के. घ म्हणजे पॉलिइथर जोडलेले सिलोक्सेन आणि त्यात पॉलियुरियाचे बारीक कण. च वनस्पती तेलावर आधारलेला. छ हा ॲसिटिलिनिक डायॉल वर्गातला. त्यात तेलाचा थेंबही नाही आणि कणही नाहीत.

चाचणीची पद्धत अशी ठरवली. डिफोमर न घातलेला एकच मोठा घाणा तयार केला आणि प्रत्येक नमुना त्याच्या २५० ग्रॅममध्ये ०.४ टक्के मिसळला. नंतर ४० मिलिमीटरच्या दातेरी चकतीने मिनिटाला ३००० फेऱ्यांवर तीन मिनिटे ढवळून लगेच १०० मिलिलिटरच्या घनतेच्या कपात भरून वजन केले. चकतीच्या कडेचा वेग या मापाने सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास पडतो. हवा काढून टाकलेल्या पेंटचे या कपातले वजन १२७.० ग्रॅम आहे. वजन जेवढे कमी, तेवढी हवा जास्त. घड्याळ लावूनच कप भरायचा, कारण अर्ध्या मिनिटाच्या उशिरानेही आकडा सुधारतो आणि शेवटी हाताळलेला नमुना उगाच शहाणा ठरतो.

डिफोमर नसलेल्या पेंटचा कप १०८.० ग्रॅम भरला, म्हणजे १५ टक्के हवा. (हे खऱ्या अर्थाने शून्य नव्हे, बाइंडरच्या इमल्शनमध्ये त्याच्या उत्पादकाने घातलेला थोडा डिफोमर असतोच.) क घातल्यावर १२०.७, म्हणजे ५ टक्के. ख ने १२५.७ दाखवले, हवा जेमतेम १ टक्का, आणि ते पाहून सगळेच खूश झाले. ग १२२.२ वर थांबला, च ११९.४ वर आणि छ ११५.६ वर. घ कडून बरीच अपेक्षा होती. त्याचा कप फक्त ११८.१ भरला, म्हणजे ७ टक्के हवा, जुन्या क पेक्षाही वाईट. हे मनाला पटत नाही, पण आकडा आहे तो आहे.

ग वर अन्याय होऊ नये म्हणून एक नोंद: सगळे नमुने जसे मिळाले तसे वजनाने घेतले आहेत. ग मध्ये सक्रिय भाग पाचवा हिस्साच असल्याने त्याला ०.८ टक्क्यांवर पुन्हा संधी द्यायची आहे.

९ जून

घ चा आकडा डोक्यातून जात नव्हता, म्हणून सकाळी त्याची बाटली उजेडाकडे धरून पाहिली. वरचे दोन बोटे तेल स्वच्छ, जवळजवळ पारदर्शक होते आणि खाली दुधाळ, दाट साका बसला होता. काल मी ड्रॉपर वरच्या थरातच बुडवला होता. कणांशिवायचे नुसते तेल पेंटमध्ये गेले आणि मी ते डिफोमर म्हणून मोजले. चूक सर्वस्वी माझी. मिनरल ऑइलच्या डिफोमरच्या पिंपात साका बसतो हे मी इतरांना अनेकदा बजावले आहे आणि नेमके स्वतः बाटली हलवायची विसरलो.

बाटली दोन मिनिटे जोराने हलवून, तळाशी काचकांडी फिरवून साका पूर्ण मिसळल्याची खात्री केली आणि चाचणी पुन्हा घेतली. कप १२४.४ ग्रॅम, हवा २ टक्के. तेल तेच, प्रमाण तेच, फरक फक्त कणांचा. पाठ्यपुस्तकात कणांचे काम बुडबुड्याचा पडदा टोचण्याचे असते असे वाचतो, ते इतके ढळढळीत सहसा पाहायला मिळत नाही. उरलेल्या पाचही बाटल्या तपासल्या. क मध्ये पुसटसा थर होता, तोही हलवून पुन्हा मोजला आणि आकडा बदलला नाही.

१० जून

फेसाच्या आकड्यावर निवड करण्याआधी थर कसा पडतो ते पाहायचे होते. प्रत्येक नमुन्याचा १५० मायक्रॉनचा ओला थर काचेवर ओढला, वाळू दिला आणि खिडकीसमोर धरून पाहिला.

ख ची काच पाहून परवाचा उत्साह मावळला. तळहाताएवढ्या भागात अकरा क्रेटर मोजले. गोल, कडा उचललेले, मध्यभागी बारीकसा ठिपका. हा ठिपका म्हणजे नीट न विखुरलेला सिलिकोनचा थेंब. त्याच्या भोवतालचे पृष्ठताण कमी पडते आणि पेंट त्याच्यापासून बाहेरच्या, जास्त ताणाच्या भागाकडे ओढला जातो. घ च्या काचेवर असे दोन क्रेटर होते, तेही लहान. ग, च आणि छ निर्मळ. क वर क्रेटर नव्हते, मात्र थराला किंचित धुरकटपणा होता.

डिफोमरचे सगळे दुखणे या एका काचेवर दिसते. पेंटमध्ये पूर्ण मिसळून जाणारा पदार्थ फेस मोडत नाही, उलट सर्फॅक्टंटसारखा वागून तो टिकवूही शकतो. अजिबात न मिसळणारा पदार्थ फेस झटक्यात मारतो आणि मग थरावर खुणा ठेवतो. कामाचा पदार्थ या दोहोंमधल्या एका अरुंद पट्ट्यात असतो आणि ती पट्टी प्रत्येक पेंटची निराळी असते. म्हणूनच तांत्रिक पत्रकावरून चाचणीसाठी नमुने निवडता येतात, डिफोमर निवडता येत नाही.

११ जून

ख आणि घ हे दोन्ही सांद्र प्रकार असल्याने त्यांना मिसळताना जोर लागतो. परवाच्या चाचणीत ते फक्त हलक्या हाताने मिसळून मग ढवळले होते. आज दोन्ही आधी मिनिटाला २००० फेऱ्यांवर दहा मिनिटे विखुरून घेतले आणि नंतर तीच ढवळण्याची चाचणी केली. क्रेटर दोन्ही काचांवरून गेले. त्याची किंमत ख ने मोजली: कप १२५.७ वरून १२३.२ वर आला, हवा १ टक्क्यावरून ३ टक्क्यांवर गेली. घ १२४.४ वरून १२४.१ वर, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी.

जोर कमी पडला तर थेंब मोठे राहून क्रेटर देतात. जोर जास्त झाला तर थेंब इतके बारीक होतात की पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोचत नाहीत आणि फेस मोडण्याची ताकद जाते. ख ची गाडी या उतारावर किती वेगाने घसरते ते आज समजले. कारखान्यात मिल बेसला (पिगमेंट दळून विखुरण्याच्या पहिल्या टप्प्यातल्या मिश्रणाला) प्रयोगशाळेपेक्षा जास्त जोर आणि जास्त वेळ मिळतो, हे लक्षात ठेवायला हवे.

१२ जून

च आणि छ इथे थांबवले. च फेसावर क पेक्षा सरस नाही. छ चा कप हलका भरला असला तरी त्याच्या थरात बारीक बुडबुडे आश्चर्य वाटावे इतके कमी होते. तो मोठा फेस मोडत नाही पण नव्या पृष्ठभागाचे ताण झपाट्याने उतरवतो आणि बारीक हवा सुटायला मदत करतो. एकट्याने त्याचा उपयोग नाही. पुढे जोडीदार लागला तर त्याचा विचार करू.

ग ०.८ टक्क्यांवर १२४.१ ग्रॅम भरला. तोही शर्यतीत राहिला.

१५ जून

प्रमाणाची शिडी. घ ०.१ टक्क्यावर ११६.८ ग्रॅम, ०.२ वर १२१.९, ०.३ वर १२३.८, ०.४ वर १२४.१ आणि ०.६ वर १२४.३. शिडीची वरची पायरी चढून हाती काही लागत नाही हे उघड आहे. पण ते फुकटही नाही, कारण ६० अंशाच्या कोनातला ग्लॉस (चकाकी) डिफोमरशिवाय ४६ होता, तो ०.३ पर्यंत ४५ राहिला, ०.४ वर ४४ आणि ०.६ वर ३९ झाला. घ साठी ०.३ टक्के नक्की केले. ख ०.३ वर आणि ग ०.८ वर घ्यायचा. क पूर्वीच्याच ०.४ वर, तुलनेसाठी.

१६ जून

चारही पेंट एक-एक लिटरच्या डब्यांत भरून ५० अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवले. डबे सात, चौदा आणि अठ्ठावीस दिवसांनी काढायचे. सोबत तेच डबे खोलीच्या तापमानाला.

हे चार आठवडे टाळून निकाल द्यावा असा आग्रह आज झाला. न देण्याचे कारण एवढेच लिहितो की पेंट बनतो त्या दिवशी कोणी भिंतीला लावत नाही.

१९ जून

वाट पाहण्याच्या काळात रंगछटा दिलेल्या पेंटची चाचणी उरकली. पांढऱ्या बेसमध्ये २ टक्के थॅलो निळी पेस्ट घालून शेकरवर तीन मिनिटे हलवले. टिंटिंगच्या पेस्टमध्ये स्वतःचे सर्फॅक्टंट भरपूर असतात, त्यामुळे पांढरा पेंट शांत असतानाही छटा दिलेला पेंट फेसाळू शकतो, आणि दुकानात डबा उघडल्यावर ग्राहकाला पहिल्यांदा दिसतो तो हा फेस. क च्या डब्यात झाकणापर्यंत फेस होता आणि तासाभरानेही बोटभर थर शिल्लक होता. घ चा फेस पाच मिनिटांत बसला. ख चा त्याहूनही लवकर बसला, परंतु त्याच्या ओल्या थरावर बोटाने गोल घासल्यावर घासलेला भाग स्पष्टपणे गडद निघाला, म्हणजे निळे पिगमेंट मुळात पुंजके करून बसले होते. घ आणि ग मध्ये घासलेला भाग डोळ्यांना वेगळा दिसला नाही.

२३ जून

सात दिवसांचे डबे. ख १२२.१, घ १२३.६, ग १२२.९, क ११९.८. फार निष्कर्ष काढण्याजोगे नाही, पण ख उतरायला लागला आहे.

३० जून

चौदा दिवस. ख ११९.९. बाकी आकडे तक्त्यात भरले आहेत.

१४ जुलै

अठ्ठावीस दिवसांचे डबे आज काढले, खोलीच्या तापमानाला रात्रभर येऊ द्यायचे होते ते दुपारपर्यंत थंड करून मोजले. (घाई केली म्हणून उद्या सकाळी ख आणि घ पुन्हा मोजणार आहे.) पेंट घट्ट किंवा पातळ झाला तर फेसाची तुलना फसते, म्हणून आधी स्टॉर्मर या श्यानता मोजण्याच्या यंत्रावर श्यानता पाहिली, सगळे डबे ९९ ते १०२ क्रेब्स युनिटच्या (या यंत्राच्या एककाच्या) दरम्यान आहेत.

ख चा कप ११८.१, म्हणजे ७ टक्के हवा. पहिल्या दिवशी १ टक्क्यावर उभा असलेला नमुना, आज ताज्या क पेक्षाही मागे. ग १२४.१ वरून ११९.४ वर. क १२०.७ वरून ११७.१ वर. घ १२३.८ वरून १२२.६ वर, म्हणजे २.५ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर.

ख चे असे का झाले असावे? सिलिकोन तेल आणि सिलिका मुळात एकत्र थेंबात असतात आणि एकत्र असतात तोवरच जोर दाखवतात. फेस मोडताना आणि ढवळताना हे थेंब तुटतात. काही थेंबांत सिलिका उरत नाही, काही ठिकाणी सिलिकेचेच गठ्ठे होतात, आणि दोन्ही एकेकटे निकामी ठरतात. त्यात उष्णतेत पेंटमधले वेटिंग एजंट त्या तेलाला हळूहळू आपल्यात ओढून बारीक इमल्शन करून टाकतात. ८ जूनला घ च्या वरच्या थरातले कणांविना तेल मोजले होते तेव्हा ११८.१ आले होते. आज ख चा आकडा तोच यावा हा योगायोग आहे, पण दोन्हीकडे दुखणे एकाच जातीचे आहे असे मला वाटते.

१५ जुलै

ख ११८.३, घ १२२.५. कालचे आकडे पक्के.

जुन्या थरावर नवा थर धरतो का हेही आज पाहिले. डिफोमरमधला सिलिकोन पृष्ठभागावर आला तर वरचा हात आक्रसतो किंवा पुढे सोलवटतो. सात दिवस वाळलेल्या थरावर दुसरा हात देऊन, तो वाळवून ठेवलेल्या पॅनेलवर जाळीदार छेद देऊन टेप ओढली. घ चे छेद ० ते १ श्रेणीत, ख चे २ मध्ये (० म्हणजे काहीच न सोलवटलेले). घ पुढे न्यायचा.

१७ जुलै

दोनशे लिटरचा पायलट घाणा. घ चा एक तृतीयांश भाग मिल बेसमध्ये, पिगमेंट पडण्याआधी, आणि दोन तृतीयांश लेट-डाउनमध्ये (मिल बेसमध्ये बाइंडर मिसळण्याच्या पुढच्या टप्प्यात), थिकनरच्या (पेंट घट्ट करणाऱ्या पदार्थाच्या) आधी, मंद गतीवर पंधरा मिनिटे. पहिला भाग मिलमधला फेस आवरतो, पण तिथल्या जोराने तो दमतो. ओव्हन, टिंटिंग आणि रोलर यांच्यासाठी लागणारी ताकद दुसऱ्या भागातून येते. थिकनरनंतर घातला असता तर एवढ्या घट्ट पेंटमध्ये मंद गतीने तो नीट विखुरला नसता.

टाकीतून घेतलेला पहिला कप ११९.५ भरला. प्रयोगशाळेत १२३.८ आणि इथे जवळपास ६ टक्के हवा, तेही इतक्या कमी वेगाने ढवळून. सुमारे अर्धा तास आम्ही डिफोमरचे वजन, बाटलीचा साका, थिकनरचा क्रम तपासत बसलो. शेवटी टाकीत वाकून पाहणाऱ्या सहकाऱ्याने दाखवले की पंपाचा परतीचा पाइप पेंटच्या पातळीच्या हातभर वर संपतो आणि तिथून पडणारी धार खाली हवा घेऊन जाते. पाइपाला तुकडा जोडून त्याचे तोंड पातळीखाली नेले, पंख्याची गती इतकी उतरवली की मध्यभागी भोवरा पडू नये, आणि एका तासाने कप १२५.१ भरला. कोणत्याही डिफोमरने या धारेशी लढत बसायचे कारण नव्हते.

२० जुलै

पायलट घाण्याचा पेंट काळ्या पॅनेलवर रोलरने, ४ जूनच्या पॅनेलशेजारी. पहिल्या मिनिटात मोठे बुडबुडे दोन्हीकडे आले आणि दोन्हीकडे फुटले. वाळल्यावर भिंगाखाली आरपार भोके नव्हती. मात्र रोलरचे दोन पट्टे एकमेकांवर येतात त्या जाड कडेवर अजून थोडे बंद फुगवटे आहेत. तिथे ओला थर दुप्पट असतो आणि बुडबुड्याला दुप्पट अंतर चढायचे असते. छ ०.१ टक्के जोडून त्याच कडेवर पुन्हा रोलर फिरवला तेव्हा फुगवटे जवळजवळ गेले, ग्लॉसला धक्का लागला नाही, फक्त थर थोडा जास्त पसरट झाला आणि उभ्या पॅनेलवर खालच्या कडेला ओघळाची सुरुवात दिसली. थिकनर किंचित वाढवून हे सावरता येईल, पण घट्टपणा वाढला की बुडबुडे पुन्हा अडकतील. आज तरी छ शिवायच पुढे जायचे असे माझे मत आहे.

२२ जुलै

फॉर्म्युलेशनमध्ये बदल नोंदवला: क ०.४ टक्के काढून घ ०.३ टक्के, त्यातला ०.१ मिल बेसमध्ये आणि ०.२ लेट-डाउनमध्ये. मॅट पेंटमध्ये क तसाच राहील, त्याने तिथे कधी त्रास दिलेला नाही. कच्च्या मालाच्या तपासणीत घ च्या प्रत्येक पिंपातून दोन नमुने घ्यायचे, एक वरून आणि एक तळाशी नळी घालून, आणि पिंप फिरवून झाल्यावर दोन्हींची ढवळण्याची चाचणी घ्यायची. दोन कपांच्या वजनात एक ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला तर पिंप पुन्हा फिरवायचे. कामगारांच्या सूचनापत्रकात "वापरण्यापूर्वी हलवा" एवढेच होते. त्याऐवजी किती वेळ, कशाने आणि तळ मोकळा झाला हे कसे पाहायचे, तेही लिहिले.

पायलट घाण्याचे सहा डबे ठेवले आहेत, तीन ४० अंशाला आणि तीन खोलीत. पहिला डबा २१ ऑगस्टला उघडायचा आहे. त्या दिवशी कप आणि ग्लॉस यांच्याबरोबर जाड कडेवरचा रोलरही विसरू नये.